प्लेपेन घेऊ का गं आई?

आमच्या लेकीने बाळाच्या खरेदीची एक्सेल शीट केली होती. मी न्यू जर्सीला उतरले तेव्हा तिला आठवा महिना संपत आलेला आणि शीट बहुतेक सगळी हिरवी झालेली, कार सीट आली, क्रिब म्हणजे बाळाची कठड्याची खाट आली, बाटल्या निर्जंतुक करायचं मशीन आलं, घाण डायपर टाकायची खास बादली आली (हो, त्याला वेगळी बादली असते आणि ती माझ्या मिक्सरपेक्षा महाग होती). एकच ओळ पिवळी राहिली होती, प्लेपेन, आणि तिच्यापुढे जावयाने दोन प्रश्नचिन्हं टाकलेली. रोज रात्री जेवताना लेक विचारणार, आई, प्लेपेन घेऊ का गं, तुला काय वाटतं?

मला काय वाटणार. मी डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पोर वाढवलेली बाई. कॉटवर बाळ, कडेने उशा आणि लोड, आणि कॉटखाली वर्तमानपत्रांचे गठ्ठे, एवढीच आमची सेफ्टी. पण आईला विचारतायत म्हणजे मत द्यायलाच पाहिजे, नाहीतर उगाच बोलावलं कशाला एवढ्या लांब.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्लेपेन म्हणजे बाळाला खेळायला, झोपायला ठेवायचा घडी होणारा चौकोनी खोका असतो, लोखंडी दांडे, चारी बाजूंनी जाळी, तळाला एक पातळ कडक गादी, आणि घडी केली की लांबट पिशवीत जातो. तिकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी सगळे त्याला पॅक अँड प्लेच म्हणतात, आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. हे नाव ग्रॅको कंपनीचं, त्यांनी १९८७ साली हा घडीचा प्रकार बाजारात आणला, त्याआधी लाकडी कठड्याचे असायचे ते हलवायचे म्हणजे गड्याला बोलवायचं काम. आता पोर्टेबल म्हणतात खरं पण दहाएक किलोचं धूड आहे, पिशवीत घालून जिना चढून दाखवा मला. साध्याची किंमत शंभर डॉलरच्या आसपास, मग वरती पाळणा अडकवलेला, डायपर बदलायचा ट्रे लावलेला, गाणी वाजणारा असं करत करत तीनशेपर्यंत जातं. आणि वापर किती, तर बहुतेकांवर लिहिलेलं असतं की मूल साडेतेरा किलोचं किंवा ८९ सेंटिमीटर उंच झालं की बंद, किंवा त्याआधी चढून बाहेर पडायला लागलं की त्या दिवशी बंद. म्हणजे फार तर दोन वर्षं, आणि अवखळ पोर असेल तर तेवढीही नाहीत.

लेकीच्या मैत्रिणींचे दोन तट होते. एक म्हणायचा याच्याशिवाय घरात मूल सांभाळताच येत नाही, दुसरा म्हणायचा आमचा बेसमेंटमध्ये पडलाय, घेऊन जा. गंमत म्हणजे दोन्ही तटांतल्या बायका हुशार, नोकऱ्या करणाऱ्या, सगळं वाचून करणाऱ्या. मग एवढा फरक का? मी तिथे शनिवार-रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचे तेव्हा बारीक बघायला लागले, आणि मला एक गोष्ट दिसली जी त्या एकमेकींना सांगत नव्हत्या. ज्यांच्या घरी आजी-आजोबा येऊन राहून गेले होते त्यांचा प्लेपेन बेसमेंटमध्ये, आणि ज्यांच्याकडे कोणी येऊ शकलं नव्हतं, व्हिसा नाही मिळाला किंवा तब्येत नाही, त्यांचा हॉलच्या मधोमध.

तेव्हा माझं मत काय झालं ते आधीच सांगून टाकते, बाळाला प्लेपेन लागतो का हा प्रश्न बाळाला बघून सुटतच नाही. घरात सकाळी अकरा वाजता कोण कोण असतं आणि कोणाचे हात रिकामे असतात ते बघायचं.

आणि हे काही अमेरिकेचं नाही. माझ्या आईने माझ्या धाकट्या भावाला जुन्या लुगड्याच्या पट्टीने माजघरातल्या खांबाला बांधलेलं मी स्वतः बघितलंय, कमरेला सैल गाठ, पुढ्यात लाटणं आणि पितळी डबा, आणि आई विहिरीवर. शेजारच्या काकूही तसंच करायच्या, कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. यशोदेने तरी वेगळं काय केलं, घरात कामं पडलेली, पोर ऐकत नाही, बांधलं उखळाला. अर्थात पुढे तो उखळासकट रांगत गेला आणि अंगणातली दोन झाडं पाडली, म्हणजे बांधून ठेवलं तर काय होतं तेही त्याच गोष्टीत सांगून ठेवलंय. आजही ऊसतोडीच्या फडावर गेलात तर झाडाला झोळी टांगलेली दिसते आणि थोडं मोठं मूल खाली पाचटात बसलेलं. इमारतींच्या बांधकामावर आया विटा वाहतात आणि पोरं वाळूच्या ढिगावर, त्यासाठीच १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत मोबाइल क्रेशेस सुरू केलं, कामाच्या जागीच पाळणाघर, पुढे मुंबई-पुण्याकडेही तसं काम उभं राहिलं. या सगळ्या बायांना प्लेपेन हवाच होता की. फक्त शंभर डॉलर नव्हते.

बरं मग अमेरिकेतच याचं एवढं प्रस्थ का? याबद्दल माझी एक थिअरी आहे आणि जावई हसला तरी मी ती सोडलेली नाही. त्यांच्या स्वैपाकघराला दार नसतं. आपल्याकडे कितीही लहान घर असो, किचनला दार असतं, नसलं तर चौकट तरी असते, आणि चौकटीत आडवा पाट लावला की झालं, माझी लेक त्या पाटावर हात ठेवून पलीकडे उभी राहून भोकाड पसरायची आणि मी अलीकडे पोळ्या करायचे. तिकडच्या टाउनहाउसमध्ये हॉल, डायनिंग, किचन सगळं एक मोकळं मैदान. दिसायला छान, पाहुणे आले की यजमानीणबाई भाजी परततानाच गप्पा मारते. पण रांगणाऱ्या पोराच्या दृष्टीने बघा. ओव्हन जमिनीलगत, त्याचं दार तापतं. डिशवॉशरचं दार उघडलं की काट्या-सुऱ्यांची टोपली बरोबर पोराच्या तोंडासमोर. फायरप्लेसला दगडी कडा. आणि मधूनच वर जाणारा लाकडी जिना, कार्पेटही नाही. पाट लावणार कुठे? तिथे मग माणसं म्हणतात धोका एवढा पसरलेला आहे तर त्यापेक्षा पोरालाच खोक्यात घाला.

मला हे उलटं वाटतं. पण ते नंतर.

आधी झोपेचं सांगते कारण निर्णय खरा त्यावर झाला, खेळण्यावर झालाच नाही. हॉस्पिटलमधून घरी सोडायच्या आधी नर्सने लेकीला आणि जावयाला बसवून विचारलं, बाळ झोपणार कुठे? तुमच्यामध्ये नाही, सोफ्यावर नाही, उशी नाही, पांघरूण नाही, मऊ गादी नाही, पाठीवर, सपाट, कडक पृष्ठभागावर, एकटं, आणि पहिले सहा महिने तरी आईबापांच्याच खोलीत. मी पुण्याहून राईची उशी नेली होती, माझ्या वहिनीने शिवलेली, डोकं गोल होतं म्हणून. ती बॅगेतच राहिली. सुरुवातीला मला राग आला, मी म्हटलं आमची काय सपाट झाली का डोकी, पण मग जावयाने दाखवलं की १९९२ मध्ये तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालथं नको, पाठीवर किंवा कुशीवर झोपवा म्हणून सांगितलं, १९९४ पासून पाठीवर झोपवायची देशभर मोहीम झाली, आणि झोपेत अचानक बाळ जाण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. निम्म्यावर म्हणजे केवढी पोरं वाचली. यावर मी काही बोलले नाही. उशीचं काय, आता ती माझ्याकडेच आहे, मान दुखली की घेते.

तर क्रिब वरच्या मजल्यावर, बेडरूममध्ये. आणि दिवस सगळा खाली. बाळ दिवसाला सतरा वेळा झोपतं आणि सतरा वेळा उठतं, टाके पडलेली बाई किती वेळा जिना चढणार? आणि मी, माझे गुडघे? इथे तो खोका मला पहिल्यांदा कामाचा वाटला. खालच्या मजल्यावर दिवसाचं अंथरूण. आपल्याकडे सतरंजी, त्यावर दुपटं, झालं, पण तिकडे लाकडी फ्लोअर फेब्रुवारीत एवढं गार पडतं की बाळ काय, मी चपला घालून फिरत होते.

मग प्रश्न नवा की बेसमेंटमधला? लेकीची एक मैत्रीण फुकट द्यायला तयार होती. मी म्हटलं घे की, एवढ्याशा वापरासाठी कशाला पैसे घालवता, पाळणे तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या फिरतात, ज्या घरात मूल झालं त्या घरी जातो, तो शुभच मानतात. जावई म्हणाला थांबा आई, मॉडेल नंबर बघू दे. मला वाटलं हा आता पाळण्याचा पण पीयूसी काढणार. पण त्याने जे वाचून दाखवलं ते ऐकून मी गप्प बसले. १९९८ साली शिकागोला सोळा महिन्यांचं एक मूल सांभाळणाऱ्या बाईच्या घरी घडीच्या खाटेत झोपवलेलं, खाटेचे वरचे दांडे मधेच मिटले आणि त्यात मान अडकून ते गेलं. ती खाट पाच वर्षं आधीच धोकादायक म्हणून परत मागवलेली होती. आईबापांना माहीत नाही, सांभाळणारीला माहीत नाही. त्या आईबापांनी किड्स इन डेंजर नावाची संस्था काढली, आणि २००८ मध्ये जो कायदा झाला त्यात त्या मुलाच्या नावाचा भागच आहे, त्यामुळे आता अशा प्रत्येक वस्तूबरोबर एक नोंदणीचं कार्ड येतं, ते भरून पाठवलं की पुढे काही खोट निघाली तर कंपनी तुम्हाला कळवते. (आपण काय करतो, कार्ड खोक्याबरोबर भंगारात.) आणि प्लेपेनसाठीचे सक्तीचे नियम आले २०१३ मध्ये, दांडे अचानक मिटणार नाहीत वगैरे. मैत्रिणीचा त्यानंतरचा होता, परत मागवलेल्या यादीतही नव्हता, जाळी कुठे फाटलेली नव्हती. आणला.

आता तो लावायचा कसा हा एक वेगळाच अध्याय आहे. रविवारी दुपारी जावयाने पिशवीतून काढला आणि हॉलमध्ये उलगडला, तर चार पाय फाकून मधे कंबर खचल्यागत उभा. माणूस काय करतो, साहजिक मधली कंबर आधी खाली दाबतो की बूड सपाट व्हावं. तसं केलं की वरचे दांडे काही केल्या लॉक होत नाहीत. एक बाजू खटकन बसली की समोरची पडते, ती उचलली की ही पडते, जावई दांड्यावर वाकलेला, कपाळावर घाम, बाहेर बर्फ, आणि लेक सोफ्यावरून सूचना देतेय आणि तो म्हणतोय मला कळतंय. मी म्हटलं पुस्तिका वाचा. तर आधी मधला भाग वर उचलून धरायचा, मग चारी दांडे एकेक करून वर ओढायचे, प्रत्येकाचा खट्ट आवाज ऐकायचा, हाताने दाबून बघायचं, आणि सगळ्यात शेवटी मधला भाग खाली दाबायचा. घडी घालताना बरोबर उलटं, मधला पट्टा वर ओढला की मगच दांडे सुटतात. आधी मला वाटलं काय हा खटाटोप, पण मग लक्षात आलं की खटाटोप मुद्दाम आहे, मूल आत असताना त्याच्या वजनाने मधला भाग खालीच राहतो आणि दांडे सुटूच शकत नाहीत. ज्याने हे डोकं चालवलं त्याला शाबासकी दिली पाहिजे.

तळाची गादी मात्र मला शेवटपर्यंत आवडली नाही. इंचभर जाडीची पाटी आहे ती. मी म्हटलं यावर निदान एक गोधडी घालू दे, मी स्वतः शिवलेली, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. नाही म्हणजे नाही. त्याच्याबरोबर आलेली गादी सोडून दुसरं काही घालायचंच नाही, कारण दुसरी गादी घातली की कडेला फट राहते आणि बाळ तोंड घालून त्या फटीत रुततं, जाळी मऊ असते ना, बाहेर ढकलली जाते. बरं बाई. गोधडीवर मग आम्ही उन्हात बाळाला तेल लावायचो, तिथे कोणाची हरकत नव्हती.

नात झाली. (नाव सांगत नाही, आम्ही ठमाबाई म्हणतो.) पहिले चार महिने त्या खोक्याने खरंच जीव वाचवला, कारण वरच्या अर्ध्या उंचीवर तो बॅसिनेटचा, म्हणजे तान्ह्या बाळाला झोपवायचा, कप्पा अडकवता येतो. माझ्या कमरेच्या उंचीला बाळ, वाकायचं नाही, उचललं की खांद्यावर. मी दुपारी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मटार सोलत बसायचे आणि ती जाळीतून माझ्याकडे टुकूटुकू बघायची.

पण त्या वरच्या कप्प्याला मर्यादा असते, आमच्या मॉडेलला पंधरा पौंडाची, म्हणजे जेमतेम पावणेसात-सात किलो, किंवा मूल हातांवर, गुडघ्यांवर रेटा द्यायला लागलं की त्याआधीच. ठमाबाई चांगली खातीपिती निघाली, आणि पाचव्या महिन्यात कप्पा काढावा लागला. आता बाळ गेलं थेट तळाला, जमिनीपासून दोन बोटं वर. आणि दांडा तुमच्या कमरेशी. आता तुम्ही साठी उलटलेल्या बाईला सांगा, या दांड्यावरून कमरेत वाकून, हात पूर्ण खाली घालून, सात किलोचं झोपलेलं मूल हलकेच ठेव. ठेवणं जमतच नाही, शेवटचे सहा इंच ते टाकलंच जातं. आणि जागं होतं. आणि परत उचलताना कंबर. एकाही रिव्ह्यूमध्ये मी हे वाचलं नाही, सगळ्या रिव्ह्यूत जाळी धुता येते का आणि रंग कोणता, लिहिणाऱ्या सगळ्या तिशीतल्या. अहो, मूल सांभाळणारी बाई तिशीतली नसते. मराठी घरात तरी नसते.

इथे मला जाणवलं की वाटणी कशी झालीय. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहू देतात. त्यामुळे आपल्याकडच्या सगळ्या घरांत हा रिले चालतो, पहिले सहा महिने एक आजी, ती परत निघाली की विमानतळावरच दुसरी. मुलीची आई आधी, मुलाची आई नंतर, हे न बोलता ठरलेलं. म्हणजे मला मिळाला वरचा कप्पा, आणि आमच्या विहीणबाईंच्या वाट्याला खड्डा. मला बाळ जिथे ठेवलं तिथे सापडायचं, त्यांना मिळणार पळणारं. मी लेकीला म्हटलंसुद्धा, बिचाऱ्यांवर अन्याय झाला गं. ती म्हणाली आई, पण त्यांना रात्रीची झोप मिळणार. तेही खरं.

आणि हा सगळा रिले कशासाठी, तर रजा नाही म्हणून. मला १९९० मध्ये बँकेत बारा आठवड्यांची बाळंतपणाची रजा होती, भरपगारी, आपला १९६१ चा कायदाच होता तसा, आणि तेव्हाही आम्ही कुरकुरायचो की तीन महिन्यांचं बाळ टाकून कसं जायचं. आता आपल्याकडे २०१७ पासून २६ आठवडे झाले. आणि अमेरिकेत देशाचा म्हणून जो १९९३ चा कायदा आहे त्यात बारा आठवडे, तेही बिनपगारी, तेही कंपनी पुरेशी मोठी असेल तर. न्यू जर्सीचं त्यातल्या त्यात बरं, राज्य काही पैसे देतं. पण एवढ्या श्रीमंत देशात लेक लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली तेव्हा बाळाला मान धरता येत नव्हती नीट. म्हणजे विकायला काय, तर शंभर डॉलरचा खोका, तीनशे डॉलरचा खोका, आपोआप हलणारा पाळणा हजार डॉलरच्या पुढे. सहा महिने रजा कुठल्या दुकानात मिळत नाही. मी हे जेवणाच्या टेबलावर बोलले तर जावई म्हणाला आई तुम्ही मतदान करायला पाहिजे इथे. म्हटलं आधी व्हिसा तर वाढवून द्या.

आता खेळण्याचं. सहा महिन्यांच्या पुढे मुलाला त्या खोक्यात खेळायला ठेवायचं का, यावर माझं मत स्पष्ट आहे, दहा मिनिटं हो, तासभर नाही. कुकर उतरवायचाय, दारात माणूस आलाय, बाथरूमला जायचंय (हे कोणी लिहीत नाही पण मुख्य कारण हेच आहे), तेवढ्यापुरतं ठेवा आणि मनाला लावून घेऊ नका, रडलं तरी दहा मिनिटांनी काही होत नाही, जिन्यावरून पडण्यापेक्षा बरं. पण त्याची सवय लागते, पोराला नाही, आपल्याला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला बाबागाडी, उंच खुर्ची यांत एका वेळी तासापेक्षा जास्त जखडून ठेवू नका, पालथं घालून खेळवणं दिवसात सगळं मिळून अर्धा तास तरी हवं, आणि स्क्रीन अजिबात नको. प्लेपेनमध्ये पट्टे नसतात, हात-पाय हलवता येतात, म्हणून तो बाउन्सरपेक्षा, म्हणजे पट्ट्याने बांधून बसवायच्या झुलत्या खुर्चीपेक्षा, बरा. पण जेमतेम अडीच बाय साडेतीन फुटांत मूल रांगणार किती? दोन हात टाकले की जाळी. मग ते जाळी धरून उभं राहायला शिकतं, बाहेर बघतं, आणि हातातलं एकेक बाहेर टाकतं. आणि आपण ते उचलून परत आत देतो. मग नक्की कोण कोणाला खेळवतंय?

विहीणबाई नागपूरच्या. त्या यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर त्यांनी तो खोका पाहिला आणि म्हणाल्या, "अहो ताई, पोट्टीला पिंजऱ्यात ठेवून राहिल्या का तुम्ही?" मी म्हटलं तुम्ही या, मग बोलू. त्या म्हणाल्या मी येताना वॉकर घेऊन येते, चाकांचा, मुलं कशी पटापटा चालायला लागतात. लेकीने फोनच हिसकावला. कॅनडात तर २००४ पासून बाळ आत बसवतात त्या वॉकरवर सरळ बंदी आहे, विकायला पण नाही, कारण मुलं चाकांसकट जिन्यावरून खाली जातात, आणि त्याने लवकर चालायला येतं हेही खरं नाही. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं. विहीणबाईंना तो पटला, पण तो बॅगेत मावेना. शेवटी त्या काय घेऊन आल्या, तर दोन किलो तिखट आणि सांबारवडीचं (त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) सामान.

मी परत आल्यावर दोन आठवड्यांतच ठमाबाई पोटावर सरपटायला लागली आणि विहीणबाईंची कंबर धरली. होणारच होतं. मग जावयाने आठ पट्ट्यांचं प्लॅस्टिकचं कुंपण मागवलं, कड्यांनी जोडलेलं, हवं तसं वाकवता येणारं आणि एका पट्टीला माणसाला आत जाता येईल असं दार. मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की जे काय घ्याल ते आजीला आत शिरून खाली बसता येईल असं घ्या, वरून वाकायला लावू नका. आणि जिन्याला फाटक, वरच्या टोकाला भिंतीत स्क्रूने बसवलेलं, नुसतं दाबून बसवायचं ते वर चालत नाही, रेटा दिला की निघतं आणि फाटकासकट मूल खाली येतं. हॉलमध्ये कुंपण लागलं. विहीणबाईंनी ठमाबाईला आत ठेवलं, स्वतःही आत बसल्या, आणि तिथेच लसूण सोलायला घेतला. चार दिवसांनी म्हणाल्या ताई, मला यातून उठता येत नाही, धरायला काही नाही, सगळंच हलतं.

मग गणपती आले. लेकीकडे दीड दिवसाचा असतो, चांगली पन्नास-साठ माणसं जेवायला येतात, कोण कुठली भाजी आणणार त्याची पण शीट असते. देव्हाऱ्याच्या शेजारी टेबल, त्यावर मखर, पुढे समई, निरांजन, उदबत्त्या, खाली पसरलेली फुलं आणि दुर्वा, आणि या सगळ्याकडे छातीवर सरपटत निघालेली आमची ठमाबाई. तिला एकदा उचलून मागे ठेवलं, दोनदा ठेवलं, प्रत्येक वेळी जास्त वेगाने परत. सकाळच्या आरतीला त्यांनी मला व्हिडिओवर घेतलं, इथे संध्याकाळ झाली होती, आणि बघते तर काय, कुंपण गणपतीपुढे! विहीणबाईंनी त्याचं कडं सोडवून आठही पट्ट्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अर्धगोल लावल्या होत्या, बाप्पा आत, समई आत, नैवेद्याचं ताट आत, गुरुजींची भूमिका करणारा जावई दारातून वाकून आत शिरतोय, आणि बाकी सगळा हॉल ठमाबाईला मोकळा. येणारी माणसं कुंपणाबाहेरून नमस्कार करत होती. जुना खोका कोपऱ्यात होता, त्यात कोणा पाहुण्यांचं दोन महिन्यांचं तान्हं वरच्या कप्प्यात गाढ झोपलेलं, एवढ्या झांजांत.

मी म्हटलं विहीणबाई, मी सहा महिने हेच सांगत होते, पोराला कशाला, धोक्याला कुंपण घाला. त्या म्हणाल्या, "हो, पण तुम्ही फक्त सांगून राहिल्या होत्या." आता यावर काय बोलणार. मग त्यांनी विचारलं की विसर्जन झालं की हे असंच उचलून ओव्हनपुढे लावते, चालते ना? मी म्हटलं ओव्हनचं नंतर, आधी फायरप्लेसची ती दगडी कड झाका, थंडी सुरू व्हायच्या आत ही उभी राहणार आहे.